हलकी व्हीट बीअर जुनी झाली की तिच्या चवीचं काय होतं?

गेल्या अंकात हेफेवाइझनवर लिहिलं होतं, म्हणजे बव्हेरियातली ती गढूळ, पिवळसर, केळ्या-लवंगेचा वास येणारी गव्हाची बीअर, आणि लेखाच्या शेवटी एक ओळ टाकली होती की ही बीअर ताजीच प्यावी, साठवून ठेवू नये. तर सगळ्यात जास्त पत्रं त्या एका ओळीवर आलीत. कुणाला ती पटली नाही, कुणी विचारलंय की ताजी म्हणजे नक्की किती ताजी, आणि बर्लिनहून एका वाचकांनी तर बरोबर उलटा अनुभव कळवलाय. म्हणून या वेळी बाकी सगळे विषय बाजूला, फक्त हेच.

प्रश्न : ताई, माझा भाऊ दिवाळीत म्युनिकहून आला तेव्हा हेफेवाइझनच्या चार बाटल्या घेऊन आला. दोन आम्ही त्याच आठवड्यात प्यायलो, भन्नाट होत्या, एकदम पिकलेल्या केळ्याचा वास. उरलेल्या दोन बाबांच्या साठीला उघडू म्हणून माळ्यावर जपून ठेवल्या, म्हटलं मुरू देत, जुनं ते सोनं. जूनमध्ये उघडल्या तर केळं गायब, लवंग गायब, नुसतं काहीतरी मधासारखं गोडूस आणि मागून ओल्या पुठ्ठ्याचा वास. बाटलीवरची तारीख अजून गेली नव्हती. मग असं का झालं? – कर्वेनगर, पुणे

उत्तर : वाईट वाटलं वाचून, कारण बाटल्या चांगल्या होत्या आणि तुम्ही त्या प्रेमाने ठेवल्या होत्या. पण जे झालं ते होणारच होतं, आणि त्याचं कारण समजून घेतलं की पुढच्या वेळी भाऊ येईल तेव्हा काय करायचं ते आपोआप कळेल.

आधी एक गोष्ट बघू, की या बीअरची चव येते कुठून. आपल्याला वाटतं गव्हातून. पण गव्हातून मुख्यतः येतो तो फेस, तो गढूळपणा आणि घोटाला असलेला मऊपणा. बव्हेरियन हेफेवाइझनमध्ये निम्म्याहून जास्त गव्हाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य असतं, पण तेच माल्ट घेऊन साध्या लागर बीअरचं यीस्ट टाकलं तर केळं येणार नाही आणि लवंगही येणार नाही. हे दोन्ही वास यीस्टचे आहेत. केळ्याचा वास म्हणजे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, आइस्क्रीम आणि मिल्कशेकच्या बनाना इसेन्समध्ये असतं तेच. लवंगेचा वास म्हणजे फोर-व्हिनाइल ग्वायकॉल, ते धान्यातल्या फेरुलिक अ‍ॅसिडपासून यीस्ट बनवतं, म्हणून तर काही ब्रूअर मॅश करताना, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवताना, पाणी मुद्दाम 43-45 डिग्रीला थोडा वेळ थांबवतात, म्हणजे धान्यातून ते अ‍ॅसिड जास्त सुटतं आणि पुढे लवंग जास्त लागते.

आता मुद्दा असा की हे दोन्ही वास फर्मेंटेशनच्या त्या थोड्या दिवसांत तयार होतात, आणि एकदा बाटलीत बीअर भरली की त्यात भर पडत नाही, फक्त घट होते. केळ्याचा जो एस्टर आहे, म्हणजे ते वासाचं संयुग, तो पाण्यात राहून हळूहळू तुटतो, अल्कोहोल आणि अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असे त्याचे दोन तुकडे होतात, आणि हेफेवाइझन न गाळलेली असल्याने तळाशी यीस्ट असतं, ते जसजसं मरतं तसतसे त्याच्या पेशीतले एन्झाइम बाहेर येऊन हे तुटणं आणखी वाढवतात. लवंगेचंही तसंच, तो वास कमी होत जातो आणि त्यातल्या थोड्या भागाचं व्हॅनिलिन होतं, म्हणून जुन्या हेफेवाइझनमध्ये कधीकधी व्हॅनिलासारखा मंद वास लागतो आणि लोकांना वाटतं की छान मुरली. मुरलेली नसते ती, लवंग जाऊन तिच्या जागी ते आलेलं असतं.

मग केळं गेलं, लवंग बोथट झाली, की मागे जे होतं ते पुढे येतं. आधी मध आणि पावाच्या कडेसारखा वास, तोपर्यंत काही जणांना आवडतेही, आणि मग तो पुठ्ठा. पुठ्ठ्याचा वास ज्याच्यामुळे येतो त्याचं नाव ट्रान्स-टू-नोनेनाल, आणि ते इतकं जोरदार असतं की लिटरला साधारण 0.1 मायक्रोग्रॅम झालं तरी नाकाला कळतं, म्हणजे एक कोटी लिटर बीअरमध्ये एक ग्रॅम. काळी, कडक, भाजलेल्या माल्टची बीअर असती तर एवढंसं काही लपून गेलं असतं. पण तुमची बीअर पाच टक्क्यांच्या आसपासची, फिक्या माल्टची, कडूपणा अगदी नावाला. तिच्यात लपायला जागाच नाही, म्हणून हलकी बीअर आधी उघडी पडते.

आता माळा. मला सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं. बीअर किती जुनी झाली हे नुसत्या महिन्यांवरून काढलं तर हिशोब चुकतो, ती किती गरम जागी किती दिवस होती त्यावर सगळं ठरतं. तापमान 10 डिग्रीने वाढलं की या सगळ्या रिअ‍ॅक्शन साधारण दुप्पट-तिप्पट वेगाने होतात. अमेरिकेतल्या ब्रूअरी त्यांच्या वितरकांना 3-30-300 असा एक ढोबळ नियम शिकवतात, की बीअर 32 डिग्रीत 3 दिवस, 22 डिग्रीत 30 दिवस आणि फ्रिजच्या 3 डिग्रीत 300 दिवस राहिली तर ती साधारण सारखीच म्हातारी होते. अगदी काटेकोर हिशोब नाहीये तो, पण दिशा बरोबर आहे. पुण्यात एप्रिल-मेमध्ये बाहेर 38-40 डिग्री असतं आणि स्लॅबखालचा माळा रात्रीसुद्धा निवत नाही. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी तुमच्या बाटल्यांचं जेवढं नुकसान झालं नसेल तेवढं शेवटच्या दोन महिन्यांत झालं. बाटलीवरची तारीख म्युनिकच्या ब्रूअरीने पुण्याचा माळा डोळ्यांसमोर ठेवून छापलेली नसते हो.

‘जुनं ते सोनं’ हे तुम्ही वाइनवरून म्हणत असाल तर बहुतेक वाइनसुद्धा वर्ष-दोन वर्षांत प्यायलाच बनवलेल्या असतात, ज्या खरंच मुरतात त्यांच्यात टॅनिन, आंबटपणा किंवा साखर असं काहीतरी धरून ठेवणारं असतं. हलक्या हेफेवाइझनमध्ये यातलं काही नाही.

पटत नसेल तर घरी एक प्रयोग करून बघा, मी ब्रूअरीच्या क्वालिटी लॅबमध्ये काम करायचे तेव्हा नवीन मुलांना पहिला हाच करायला द्यायचो आम्ही. एकाच बॅचच्या दोन बाटल्या घ्या, एक फ्रिजमध्ये, दुसरी एप्रिल-मेमध्ये महिनाभर ओट्यावरच्या कपाटात. मग दोन्ही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सारख्या गार करा, सारख्या ग्लासात ओता आणि आधी पिऊ नका, नुसतं बघा. फ्रिजमधल्या बीअरचा फेस बारीक, दाट, ग्लासच्या वर टोपीसारखा उभा राहतो आणि खाली उतरताना काचेला पांढरी जाळी सोडतो. कपाटातल्या बीअरचे बुडबुडे मोठे असतात आणि फेस लवकर बसतो, कारण मरणाऱ्या यीस्टमधून प्रोटीन तोडणारं एन्झाइम सुटतं आणि फेस ज्या प्रोटीनवर उभा असतो तीच ते खातं. रंगही बघा, जुनी किंचित लालसर दिसते. आणि मग वास. पहिल्या ग्लासचा वास ओततानाच हातभर अंतरावर येतो, दुसऱ्याला ग्लासात नाक घालावं लागतं. घोट घेतल्यावर सुरुवातीला फारसा फरक वाटत नाही, फरक घोट गिळल्यानंतर कळतो, ताजी बीअर स्वच्छ संपते आणि परत प्यावीशी वाटते, जुनीचा तो गोडूस कागदी थर जिभेवर राहतो.

तर पुढच्या वेळी, चारही बाटल्या फ्रिजमध्ये, आणि बाबांची साठी लांब असेल तर बाबांनाच आधी बोलवा.

प्रश्न : बाटलीच्या तळाला यीस्टचा थर होता तो इतका घट्ट बसलाय की उलटी केली तरी सुटेना, आणि वरची बीअर जवळजवळ क्लिअर झालीय. ही खराब झाली समजायची का? आणि तळ हलवून ओतायचा की नाही? – नाशिक

उत्तर : क्लिअर झाली म्हणजे खराब झाली असं नाही, पण ती जुनी आहे एवढं नक्की. हेफेवाइझनचा गढूळपणा दोन गोष्टींचा असतो, तरंगणारं यीस्ट आणि प्रोटीन-पॉलिफिनॉलचे बारीक कण. दोन्ही वेळाने खाली बसतात. ताज्या बाटलीत यीस्टचा थर मऊ असतो, बाटली जराशी फिरवली की ढगासारखा वर येतो. महिने गेले की तो दाबला जातो आणि मग तुम्ही म्हणता तसा काचेला चिकटून बसतो.

बाटली ताजी असेल तर जर्मन पद्धतीने करा, तीन चतुर्थांश ओतायची, उरलेली बाटलीतच गोल फिरवायची आणि मग फेसासकट वरून ओतायची. त्या यीस्टमध्ये पावाचा छान वास असतो, तो घोटात आला पाहिजे. बाटली जुनी असेल तर मात्र तळ तळातच राहू द्या. मेलेलं यीस्ट फुटतं आणि त्याच्या आतलं सगळं बीअरमध्ये येतं, त्याला सोया सॉससारखा, मांसाच्या रश्श्यासारखा वास असतो, कधी साबणासारखाही लागतो. एक बाटली नीट निवळून प्यायली तर बरी लागते आणि तीच ढवळली की तोंड वाकडं होतं, असा फरक पडतो त्याने.

आणि बाटली उभीच ठेवायची, आडवी नाही. आडवी ठेवली तर यीस्ट बाटलीच्या पूर्ण अंगाला बसतं आणि ओतताना निवळणं अशक्य होतं. आडवं ठेवायचा नियम कॉर्कचा आहे, लोखंडी झाकणाला त्याचा काही उपयोग नाही.

प्रश्न : बीअर एकदा गार केली की परत बाहेर काढायची नाही, नाहीतर ती बिघडते, असं आमच्या ग्रुपमध्ये सगळे छातीठोकपणे सांगतात. खरंय का? – डोंबिवली

उत्तर : नाही. गार-गरम-गार झाल्याने बीअरला काही होत नाही. होतं ते गरम राहिलेल्या तासांमुळे, मग ते तास सलग असोत की तुटक. फ्रिजमधून काढून चार तास ओट्यावर राहिली आणि परत आत गेली तर ते चार तासच मोजायचे. हां, फ्रीझरमध्ये मात्र विसरू नका, बाटली फुटेल, आणि फुटली नाही तरी गोठून सुटलेल्या बीअरमध्ये प्रोटीनचे तुकडे तरंगतात ते परत विरघळत नाहीत.

प्रश्न : मी 4 वर्षं बर्लिनमध्ये आहे. इथे एका बारमध्ये बर्लिनर वाइसे मिळाली, ती बाटलीत काही वर्षं मुरवलेली होती आणि अप्रतिम होती, आंबट, फुलांसारखा वास, शॅम्पेनसारखी. जेमतेम 3 टक्के अल्कोहोल, गव्हाचीच बीअर आणि तुमच्या हेफेवाइझनहूनही हलकी. बारवाल्याने सांगितलं की पूर्व जर्मनीच्या काळातल्या बाटल्यासुद्धा लोक अजून उघडून पितात. मग तुमचा ताजीचा नियम कुठे गेला? – एक मराठी वाचक, बर्लिन

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. बारवाल्याने बरोबर सांगितलंय. माझी ओळ हेफेवाइझनपुरती होती आणि ती तिथे खरीच आहे, पण बर्लिनर वाइसे हा वेगळाच जीव आहे, अगदी शब्दशः, कारण ती बाटलीत जिवंत असते.

हेफेवाइझन बाटलीत भरली की तिचं मुख्य काम संपलेलं असतं. जुन्या पद्धतीच्या बर्लिनर वाइसेचं काम तिथून पुढे सुरू होतं. तिच्यात तिघं असतात. नेहमीचं यीस्ट, लॅक्टोबॅसिलस म्हणजे दह्याच्या विरजणातल्या बॅक्टेरियाच्या कुळातला बॅक्टेरिया, आणि ब्रेटॅनोमायसिस नावाचं एक चिवट यीस्ट, त्याला सगळे ब्रेट म्हणतात. हे ब्रेट 1904 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रूअरीत क्लाउसन यांनी शोधून काढलं, आणि तेही कुठे तर इंग्लंडच्या मुरवलेल्या बीअरमध्ये. म्हणजे जुन्या बीअरची जी चव लोकांना आवडायची तिच्यामागे हा होता.

ब्रेट दोन कामं करतं आणि दोन्ही तुमच्या प्रश्नाला लागू आहेत. एक म्हणजे ते बाटलीतला ऑक्सिजन वापरून टाकतं, आणि बीअर म्हातारी करण्यात ऑक्सिजनचा हात मोठा असतो, पुठ्ठा, मध, शेरी यातलं बरंच काही त्याच्यामुळेच येतं. चांगल्या ब्रूअरी भरताना पूर्ण बाटलीत लिटरला 0.05 मिलीग्रॅमपेक्षा कमी ऑक्सिजन राहावा म्हणून जिवाचा आटापिटा करतात, आणि तरी झाकणाच्या आतल्या रबरी थरातून महिनोन्‌महिने थोडा थोडा आत येतोच. जिवंत ब्रेट असलं की त्याला पहारेकरी मिळतो. दुसरं म्हणजे ते चवी बदलतं. हेफेवाइझनमध्ये केळं तुटलं की गेलं, मागे काही आलं नाही. ब्रेट केळ्याचा एस्टर तोडतं खरं, पण त्याच वेळी नवे एस्टर बनवतं, बीअरमधल्या लॅक्टिक अ‍ॅसिडपासून इथाइल लॅक्टेट, शिवाय अननसाच्या, फुलांच्या वासाकडे झुकणारे आणखी काही. तुम्हाला फुलांसारखा वास आला तो भरताना बाटलीत नव्हता, तो नंतर तयार झाला. आणि आंबटपणा तर राखणदार आहेच, इतक्या आंबट पाण्यात दुसऱ्या जंतूंना शिरकाव मिळत नाही.

पूर्वी बर्लिनमध्ये दगडी बाटल्यांतली वाइसे वाळूत पुरून ठेवायची पद्धत होती. त्यात गंमत कमी आणि अक्कल जास्त होती, वाळूखाली गारवा असतो, तापमान खालीवर होत नाही आणि उजेड नाही. नेपोलियनच्या सैनिकांनी तिला उत्तरेची शॅम्पेन म्हटलं अशी गोष्ट तिथे सांगतात, तुम्हालाही तीच उपमा सुचली बघा.

पण एक सांभाळा. आज बर्लिनर वाइसे या नावाने जे मिळतं ते सगळं असं नसतं. बरेच ठिकाणी आधी भांड्यातच लॅक्टोबॅसिलसने आंबट करून, उकळून, मग साधं यीस्ट लावतात, त्यात ब्रेट नसतं. ती बीअर फ्रेश प्यायला छान असते पण ठेवून काही मिळत नाही, ती हेफेवाइझनच्याच वाटेने जाते. आणि रास्पबेरीचं लाल किंवा वुडरफ नावाच्या वनस्पतीचं हिरवं सिरप घालून जी देतात तिथे तर मुरली-न मुरली काही कळायचा प्रश्नच नाही. मुरवलेली हवी असेल तर तुमच्याच शहरात उलरिके गेन्झ यांची श्नेऑयले ब्रूअरी आहे, त्या ब्रेट घालून, बाटलीत मुरवून जुनी पद्धत जिवंत ठेवतायत. त्यांची एक ताजी आणि एक जुनी शेजारी शेजारी ठेवून प्या आणि मला कळवा, खरंच वाट बघते.

आणि कधी ब्रसेल्सला गेलात तर लँबिक आणि ग्यूझ या तिथल्या आंबट बीअरसुद्धा. लोक विसरतात पण त्यातही साधारण तिसरा हिस्सा कच्चा गहू असतो. एक, दोन आणि तीन वर्षांची लँबिक एकत्र करून ग्यूझ बनते आणि ती तळघरात दहा-दहा, वीस-वीस वर्षं राहते. म्हणजे गहू हा जुनेपणाचा शत्रू नाही. बाटलीत पुढे काम करणारं कुणी आहे की नाही, एवढंच बघायचं.

प्रश्न : आम्हाला आंबट आवडत नाही. मग साठवायला योग्य अशी एकही व्हीट बीअर नाही का? – न्यू जर्सी

उत्तर : आहे की, वाइझनबॉक घ्या, म्हणजे कडक व्हीट बीअर, पण मग ती हलकी राहत नाही. केलहाइमच्या श्नायडरची अव्हेंटिनुस, 1907 पासूनची, 8.2 टक्के, गडद रंगाची. श्नायडर स्वतःच ती तीन वर्षं गार तळघरात ठेवून व्हिंटेज म्हणून विकतात. केळं तिच्यातूनही जातंच, पण खाली गडद माल्ट आणि अल्कोहोल असल्याने जे वर येतं ते मनुका, खजूर, चॉकलेट, पोर्ट वाइन असं असतं, आणि तिच्यात तो शेरीचा वासही शोभून दिसतो. माझं मत विचाराल तर मला ताजी अव्हेंटिनुसच जास्त आवडते, पण व्हिंटेजवाल्यांशी मी भांडणार नाही. ठेवायची तर 10-12 डिग्रीच्या अंधाऱ्या जागी, तुमच्याकडे बेसमेंट असेलच.

प्रश्न : पुण्यातल्या एका मायक्रोब्रूअरीतून व्हीट बीअरचा ग्राउलर भरून घेतला, डिकीत ठेवून कोल्हापूरला आणला, त्या रात्री अर्धा प्यायलो, मस्त. उरलेला तिसऱ्या दिवशी काढला तर फेस नाही, आंबूस आणि लोण्यासारखा काहीतरी वास. बीअरमध्येच खोट होती का? – राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पहिल्या रात्री मस्त होती म्हणताय, म्हणजे बीअर चांगलीच होती. ग्राउलर म्हणजे साठवण नव्हे, तो फक्त घरी नेण्याचा डबा आहे. नळाखाली भरताना त्यात हवा जाते, आणि अर्धा रिकामा केल्यावर उरलेल्या अर्ध्या जागेत नुसती हवाच असते. हेफेवाइझनमध्ये गॅस साध्या लागरपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून तो गेला की ती जास्त पडेल लागते, नुसतं गव्हाचं पाणी.

आंबूस आणि लोणी हे जंतूंचं काम. मायक्रोब्रूअरीची बीअर पाश्चराइज केलेली नसते, आणि व्हीट बीअरमध्ये हॉप्स, म्हणजे बीअरमध्ये घालतात ती वेलीची फुलं, फार कमी असतात. हॉप्स कडूपणासाठी असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते लॅक्टोबॅसिलससारख्या बॅक्टेरियालाही रोखतात हे कमी जणांना. आयपीएसारख्या भरपूर हॉप्सच्या बीअरमध्ये ती राखण तगडी असते, इथे नावापुरती. त्यात ग्राउलर आधीच्या वेळचा नीट धुतलेला नसेल आणि डिकी तापलेली असेल तर दोन दिवस पुरे होतात. लोण्याचा वास म्हणजे डायअ‍ॅसिटिल, तेही हेच बॅक्टेरिया बनवतात.

बर्लिनच्या पत्रात ज्या लॅक्टोबॅसिलसचं एवढं कौतुक केलं तोच इथे चोर कसा, असं वाटेल तुम्हाला. तिथे त्याला बोलावलेलं असतं आणि त्याच्यामागून आवरायला ब्रेट असतं, इथे तो एकटाच घुसलाय.

ग्राउलर थर्मोकोलच्या पेटीत बर्फ घालून आणा, न उघडता दुसऱ्या दिवशीपर्यंत चालेल, पण उघडलात की त्याच बैठकीत संपवायचा. तेवढे लोक नसतील तर लहान ग्राउलर घ्या.

प्रश्न : मडगावला रस्त्यावरच्या दुकानातून बेल्जियन विटचे कॅन घेते मी. कधी धन्या-संत्र्याचा सुंदर वास येतो, कधी काहीच नाही. कंपनी बदलत असेल का रेसिपी? – गोवा

उत्तर : रेसिपी बदलत नसावी, कॅन किती दिवस दुकानात तापला ते बदलतं. विट म्हणजे बेल्जियमची गव्हाची बीअर, तिच्यात धने आणि संत्र्याची साल घालतात, तिथल्या होगार्डन गावात पिएर सेलिस यांनी 1960च्या दशकात ही मेलेली स्टाइल परत उभी केली तेव्हापासून जगभर हीच ओळख झाली. धन्यातला तो लिंबट वास म्हणजे लिनालूल वगैरे, आणि घरात कुटून ठेवलेल्या धनेपुडीचा वास जसा महिन्यागणिक उतरतो तसाच तो बीअरमध्येही उतरतो. उष्ण दमट हवेत, बंद शटरच्या आत, दिवसेंदिवस उभा असलेला कॅन म्हणजे वास जाणारच.

कॅन घेता ते फार चांगलं करता, कारण उजेड आत जात नाही. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीतली बीअर उन्हात ठेवली तर काही मिनिटांत हॉप्समधून एक घाणेरडा वास तयार होतो, तपकिरी बाटलीत तो धोका बराच कमी असतो. पण कॅन उष्णता अडवत नाही. म्हणून दुकानात कॅन घेताना त्याच्या तळावरची उत्पादनाची तारीख बघा, बेस्ट बिफोर नाही, आणि जो फ्रिजमध्येच होता असा मागा. विटला मी दोन महिन्यांच्या आतला कॅन शोधते, तीनच्या पुढे गेला तर सोडून देते. आणि ग्लासवर संत्र्याची फोड लावून देतात ती एकदा काढून ठेवा आणि नुसती बीअर हुंगा. ताजी असेल तर फोड लागत नाही, आणि शिळी असेल तर फोडीमुळे ते कळतच नाही.

प्रश्न : एका नातेवाइकाने व्हीट बीअरचे कॅन दिले, बेस्ट बिफोर उलटून दीड महिना झालाय. प्यायलो तर काही अपाय होईल का, की ओतून द्यायचे? – सोलापूर

उत्तर : बीअरमध्ये अल्कोहोल असतं, ती मुळात आम्लधर्मी असते, थोडे हॉप्स असतात, ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून माणसाला आजारी पाडणारे जंतू तिच्यात वाढत नाहीत. दीड महिना उलटला म्हणजे चव गेली असेल, विष झालेलं नाही. फक्त कॅन फुगलेला असेल किंवा उघडताच फवारा उडाला तर मात्र सरळ ओतून द्या, आत काहीतरी वाढतंय.

एक कॅन गार करून ग्लासात ओता आणि हुंगा. नुसता मध आणि पाव असेल तर पिऊन टाका, जेवणाबरोबर चालून जाईल. पुठ्ठा असेल तर भजी करा. पाण्याऐवजी ही बीअर थंडगार घालून बेसन भिजवायचं, अर्धी वाटी तांदळाचं पीठ, ओवा, तिखट, आणि लगेच तळायला घ्यायचं, पीठ ठेवून द्यायचं नाही. गॅसमुळे भजी हलकी आणि कुरकुरीत होतात, आणि तळणात तो पुठ्ठ्याचा वास राहत नाही. कांद्यापेक्षा पालकाची किंवा मिरचीची जास्त चांगली होतात, कांद्याला पाणी सुटतं आणि पीठ सैल पडतं.